अप्पा, गादी आणि कापडी डायपर

आमच्या मेडिकलमध्ये काही वस्तू मागताना भल्याभल्यांचा आवाज बसतो. त्यातली एक म्हणजे मोठ्या माणसांचा डायपर. गिऱ्हाईक आधी खोकल्याच्या गोळ्या घेतं, मग बामाची डबी, मग इकडंतिकडं बघून काउंटरवर ओणवं होतं आणि माझ्या कानाशी पुटपुटतं. वडवणीत मी पंचवीस वर्षं हे दुकान चालवतोय. त्यातली बरीच वर्षं मीही ती वस्तू वर्तमानपत्रात गुंडाळून, काळ्या पिशवीत घालून, चोरून दारू विकावी तशी दिली आहे. गिऱ्हाईक लाजतं म्हणून मी लाजायचो, मी लाजतो म्हणून गिऱ्हाईक आणखी लाजायचं.

परवा मात्र पासष्टीची एक बाई आली आणि दुकानात चार माणसं उभी असताना ठणठणीत आवाजात म्हणाली, "कापडी पाठीचा दे. मीडियम. मोठं माप देऊ नको, अप्पा सांगून गेलेत."

अप्पांना जाऊन दोन वर्षं झाली. बाई पैसे देऊन, पुडा काखेत मारून गेलीसुद्धा, आणि मी कितीतरी वेळ समोरच्या दुकानाकडं बघत बसलो.

मन्मथअप्पांचं कापड दुकान माझ्या दुकानाच्या बरोब्बर समोर, मधे फक्त बाजाराचा रस्ता. कपाळाला विभूतीचे आडवे पट्टे, गळ्यात लिंग, अंगात पांढरा नेहरू शर्ट आणि खाली कडक पांढरं धोतर. दुकानात जमिनीवर लांबरुंद गादी, तिच्यावर रोज बदललेली पांढरी चादर, आणि त्या चादरीच्या मधोमध मांडी घालून अप्पा. खुर्ची-टेबलावर बसून कापड विकणाऱ्यांना ते दुकानदार मानायचेच नाहीत. त्यांच्या मते ते कारकून.

मी शिकलो डी.फार्म., पण अप्पा मला पहिल्या दिवसापासून 'डाक्टर' म्हणायचे. त्यात आदर किती आणि टिंगल किती हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. बोलता बोलता त्यांचा हात समोरच्याच्या बाहीवर जायचा. अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत कापड धरून ते डोळे मिटायचे. "कुणी दिलं हे तुला, डाक्टर? फशिवलं की तुला." मग माझा नवाकोरा शर्ट मला दिवसभर टोचायचा. एकदा तर एका मयतीला ते माझ्या शेजारी उभे होते. दर्शनाला वाकले, पायावर हात ठेवला, आणि हात मागं घेता घेता सवयीनं दोन बोटांत पांढऱ्या कापडाची कड चोळली. परत आल्यावर माझ्या कानात म्हणाले, "मांजरपाट बरा दिलाय." मी हसू दाबायला रुमाल तोंडाला लावला आणि लोकांना वाटलं मला फारच दुःख झालंय.

कापडाची परीक्षा कशी करावी यावर त्यांचं एकच सांगणं असे: "डोळ्याला इचारायचं न्हाई. डोळे लबाड असतेत. अंगाला इचारायचं." कापड ते कानाजवळ नेऊन चोळत. गालावर ठेवत. नव्या मालाचा वार आधी घरी धुऊन, वाळवून बघत, आणि मगच तो गादीवर येई.

पण अप्पांचं खरं राज्य बस्त्याच्या दिवशी बघावं. आमच्याकडं लग्न ठरलं की दोन्ही घरची माणसं एकाच दिवशी कापड दुकानात येतात आणि नवरीच्या शालूपासून लांबच्या मामीच्या साडीपर्यंत सगळं एका बैठकीत घेतात. पिकअप भरून माणसं उतरतात, दिवसभर गादीवर बसतात, चहा पितात, रुसतात, एकमेकांना टोमणे मारतात, आणि शेवटी सगळ्या कापडाचं गाठोडं बांधून त्याला हळदकुंकू लागलं की बस्ता झाला. लग्नाच्या आधी लग्न मोडायचं असेल तर ते इथंच मोडतं. अप्पांचा नियम असा की गाठोडं बांधेपर्यंत मालकानं गादीवरून उठायचं नाही. मालक उठला की पाव्हणे उठतात, पाव्हणे उठले की मनं उठतात. बस्त्याच्या दिवशी ते सकाळपासून पाणीसुद्धा घोटभरच प्यायचे. चाळीस वर्षांत एकाही बस्त्यातून ते मधे उठले नव्हते, आणि ही गोष्ट ते स्वतः सांगत नसत, बाकी सगळं गाव सांगे.

एकदा मी समोरून बघत होतो. नवरदेवाच्या आत्यानं हातातली साडी भिरकावली, कारण तसलीच नवरीच्या शेजारणीला काढली होती. आत्या उठली, तिच्या मागं तिच्या सुना उठल्या, पुरुषांनी चपला शोधायला सुरुवात केली. अप्पा हलले नाहीत. त्यांनी ती भिरकावलेली साडी उचलली आणि अगदी सावकाश तिची घडी घालायला घेतली. घडी घालता घालता, वर न बघता म्हणाले, "आत्या, ही तुमच्यासाठी काढलीच नव्हती. तुमचा हात चुकून लागला. तुमची अजून वर हाय." वरच्या फळीवरून जी साडी आली ती त्याच भावाची, त्याच गिरणीची, फक्त रंग वेगळा. आत्या बसली. सुना बसल्या. चपला जागेवर राहिल्या.

अशा माणसाचं प्रोस्टेटचं ऑपरेशन झालं. हिवाळ्यात झालं, चांगलं झालं, पण त्यानंतर लघवीवर ताबा राहिना. काहींचं हळूहळू थांबतं, काहींचं राहतं, असं डॉक्टर म्हणाले होते. अप्पांचं राहिलं. त्यांनी गावाला सांगितलं की पाठ धरलीय, आणि घरात मागच्या खोलीत खाटेवर रबराचं कापड टाकून पडून राहिले. दुकानात त्यांचा मुलगा महेश बसू लागला. त्यानं आठवड्यात गादीच्या एका कोपऱ्यावर टेबल-खुर्ची आणली. पोरगा वाईट नाही, पण त्याला साडी दाखवायची तर तो मोबाईलवर फोटो दाखवी. बस्ते बीडला जाऊ लागले.

अप्पांची सून सुरेखा एके दिवशी दुपारी माझ्याकडं आली आणि कानात पुटपुटली. मी नेहमीप्रमाणे वर्तमानपत्र आणि काळी पिशवी काढली. तेव्हा माझ्याकडं एकच प्रकार असे, बाहेरून प्लास्टिक असलेला. मी माप विचारलं. ती म्हणाली, मोठ्यातलं मोठं द्या. मीही दिलं. आमच्याकडं कपडा म्हटला की एक माप वर घ्यायचा, लेकराचा असो की म्हाताऱ्याचा. तसं आपण कुठं तरी चुकतोय हे तिच्याही डोक्यात आलं नाही आणि वीसेक वर्षं औषधं विकलेल्या माझ्याही नाही.

दोन-तीन महिने खाटेवर काढून अप्पा एकदा हिंमत करून दुकानात आले. वैशाख होता, पत्रे तापलेले. धोतराच्या आत तो प्लास्टिकचा डायपर. ते गादीवर बसले, आणि बसताना आवाज झाला. साड्यांच्या पाकिटांचा होतो तसा चुरचुर आवाज. मांडी बदलली, पुन्हा आवाज. समोर एक बाई नणंदेसाठी साडी बघत होती. ती मान उंच करून अप्पांच्या मागं बघायला लागली आणि म्हणाली, "अप्पा, नवा माल फोडलाव का? दाखवा की."

तिच्या मनात काही नव्हतं. पण मी रस्त्यापलीकडून अप्पांचा चेहरा पाहिला. ते उठले, चपला घातल्या आणि घरी गेले. धोतराला मागं एक ओला डागही पडला होता, कारण माप मोठं, आणि मांडीच्या कडेनं वाट मोकळी. त्या दिवशी मला माझ्या काळ्या पिशवीची लाज वाटली. एवढा मोठा माणूस मी वर्तमानपत्रात गुंडाळून घरी पाठवला होता.

महिनाभर ते दिसले नाहीत. मग दगडूबप्पाचा निरोप आला. दगडूबप्पा म्हणजे नारायणगडाच्या बाजूचा शेतकरी, अप्पांच्याच वयाचा. त्याच्या स्वतःच्या लग्नाचा बस्ता अप्पांच्या वडिलांनी बांधला होता, त्याच्या पोरांचे अप्पांनी. आता नातीचं लग्न आष्टीकडं ठरलं होतं. त्यानं महेशला दुकानात येऊन सांगितलं की पंधरा दिवसांनी बस्ता आहे, अप्पा गादीवर बसणार असतील तर इथं, नाहीतर गाडी सरळ बीडला जाईल. हे तो रागानं बोलला नव्हता. त्याला अप्पांचा हात लागलेलं कापड हवं होतं.

त्यानंतर दोन दिवसांनी, भर दुपारी बाजार सुस्तावलेला असताना अप्पा माझ्या दुकानात आले. मागच्या दारानं आले. काउंटरच्या आत स्टुलावर बसले आणि ती मयत सोडली तर पहिल्यांदाच माझ्याशी हळू आवाजात बोलले.

"डाक्टर, त्या चीजंच्या जाती किती असतेत?"

मी सांगितलं की बाहेरच्या बाजूवरून दोन. एकीला प्लास्टिकची पाठ, एकीला कापडी. बीडच्या व्यापाऱ्यानं मला कापडी पाठीचा एक पुडा नमुन्याला पाठवला होता, तो मी काढून दाखवला. 'पाठ' हा शब्द ऐकून अप्पांचे डोळे जरा जिवंत झाले. कापडाला सुलटी बाजू असते आणि उलटी असते, म्हणजे ही वस्तू त्यांच्या मुलखात येत होती. त्यांनी एक डायपर चिमटीत धरला, डोळे मिटले, कानाशी नेऊन चोळला. आवाज नव्हता. काळ्या पिशवीत घालून घेऊन गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुरेखा आली. चिडावं की हसावं हे तिला कळत नव्हतं. अप्पांनी तो कापडी डायपर रात्रभर बादलीत भिजत घातला होता. मी कापडी म्हणालो होतो ना? मग धुतल्याशिवाय कापड कळणार कसं? सकाळी बादलीतलं पाणी गायब आणि उशीएवढी फुगलेली एक वस्तू, तिच्यातून साबुदाण्याच्या खिरीसारखं काहीतरी बाहेर येतंय. अप्पा त्या बादलीशेजारी बसून होते आणि सुनेला म्हणत होते की अंगात दम लई हाय, पण धुण्याला टिकत न्हाई. मी त्यांना समजावलं की ते नावाला कापडी आहे, एकदा वापरून टाकायचं असतं. अप्पांना हे पटायला दोन दिवस लागले. चाळीस वर्षं कापड विकलेल्या माणसाला, न धुता फेकायचं कापड असू शकतं, हे अपमानासारखं वाटलं.

पण एकदा पटल्यावर त्यांनी जी परीक्षा घेतली तशी मी कॉलेजातही पाहिली नाही. माझ्या दुकानाच्या मागच्या खोलीत त्यांनी दोन्ही जातींच्या पाठी कात्रीनं कापून घेतल्या. हॉटेलातून वाफाळता चहा मागवला. चहाच्या ग्लासावर आधी प्लास्टिकची पाठ झाकली आणि वर स्वतःचा चष्मा उलटा धरला. काचा कोरड्या. मग कापडी पाठ झाकली, चष्मा धरला. थोड्या वेळानं काचांवर धुकं आलं. अप्पांनी तो चष्मा मला घालून दाखवला.

"ही पाठ दम सोडतीय," ते म्हणाले. "ती दुसरी दम कोंडतीय. म्हणून अंगाला चट्टे उठलेत माज्या."

मग पाणी. तांब्यात हळद कालवली, दोन्हीत सारखंच ओतलं, खाली पांढऱ्या धोतराचे तुकडे पसरले आणि वर विटा ठेवल्या. दर तासाला तुकडा उचलून बघायचं. प्लास्टिकवाला संध्याकाळपर्यंत कोरडा. कापडीवाला चार तास उत्तम, त्यानंतर पाठीला गार ओल लागायला लागली. डाग नाही, पण ओल. अप्पांच्या बोटांना ती माझ्या आधी कळली.

तरी अंगावर घातल्यावर दोन्ही गळत होते, आणि का ते कळेना. ते कोडं इस्माईलभाईंनी सोडवलं. हे टेलर, अप्पांच्या दुकानाच्या ओट्यावर तीस वर्षं मशीन घेऊन बसलेले. त्यांच्यापासून अप्पा इतके दिवस लपवत होते. एका दुपारी माझ्याच दुकानात ते तापाची गोळी घ्यायला आले. अप्पांच्या चालण्याकडं बघितलं आणि म्हणाले, "अप्पा, तीस साल से कमर नापरा मई. मेरे से क्या छुपारे?" इस्माईलभाईंनी गळ्यातली टेप काढली, धोतरावरूनच माप घेतलं आणि मला म्हणाले की ह्यांना मधलं माप लागतं, तुम्ही तंबू बांधलाय. "टांग में से हवा जारी. फिर पानी कैसा रुकेंगा?"

अप्पा स्टुलावर बसले आणि पोट धरून हसले. ऑपरेशननंतर मी त्यांना हसताना पहिल्यांदाच पाहत होतो. सगळ्या मुलखाला मापाचं कापड देणारा माणूस स्वतः चार महिने ढगळ घालून फिरत होता. त्या दिवसापासून मधलं माप, आणि खालच्या पट्ट्या आधी, जरा वरच्या अंगाला ओढून लावायच्या, हेही इस्माईलभाईंनीच सांगितलं.

आता प्रश्न फक्त निवडायचा राहिला होता, आणि तोच खरा होता. प्लास्टिकचा घातला तर बस्ता कितीही लांबो, ओल येणार नाही, पण प्रत्येक हालचालीला चुरचुर आणि आत भट्टी. कापडी घातला तर अंगाला सुख, आवाज शून्य, पण चार तासांची मुदत. आणि दगडूबप्पाचा बस्ता चार तासांत आटोपेल असं वडवणीतलं शेंबडं पोरसुद्धा म्हणालं नसतं. मी म्हणालो, अप्पा, प्लास्टिकचाच घाला, एक दिवसाचा तर प्रश्न. त्यांनी कापडी पाठ पुन्हा कानाशी नेऊन चोळली आणि म्हणाले, "आवाज आला तर मी माणसाकडं बघणार का आवाजाकडं? कापडीच. चार तासात उरकतो."

बस्त्याच्या दिवशी महेशनं टेबल-खुर्ची मागं नेली. गादीवर ताजी चादर आली. अकराला दगडूबप्पाची माणसं उतरली, साडेअकराला आष्टीची. अप्पा मधोमध मांडी घालून बसले होते. माझं त्या दिवशी औषधांकडं लक्ष नव्हतं. एका बाईला मी पित्ताच्या गोळ्यांऐवजी कॅल्शियम देणार होतो.

पहिले तीन तास अप्पांनी जे काही केलं ते बघायला लोक रस्त्यात थांबत होते. शालू उलगडला की तो नवरीच्या खांद्यावर न टाकता तिच्या आईच्या हातात द्यायचे, म्हणजे आईचे डोळे भरून येत आणि भावाची घासाघीस आपोआप थांबे. मांडी बदलली, पुढं झुकले, मागं वळले. काही आवाज नाही. पण अडीच वाजून गेले तरी निम्म्याच साड्या निघाल्या होत्या, कारण एक गोष्ट अडली होती. नवरदेवाची आजी बसायला तयार नव्हती.

आज्जी दुकानाच्या दाराशी खांबाला धरून उभी होती. सकाळपासून उभी होती. "मला उभंच बरं हाय," एवढंच म्हणत होती. आधी सगळ्यांनी थट्टेवारी नेलं. मग दगडूबप्पाच्या बायकोला वाटलं की वराकडच्या म्हातारीला आमच्या शेजारी बसायचं नाही. वराकडच्यांना वाटलं की आज्जीला मानानं बोलावलं नाही. आवाज चढले. कुणीतरी जुनी सोयरीक काढली. दगडूबप्पा उठून उभा राहिला आणि म्हणाला की ज्या घरच्या वडीलधाऱ्यांना आमच्या शेजारी बसवत न्हाई त्या घरी पोरगी कशाला द्यावी. नवरी मान खाली घालून रडत होती.

मी तोवर रस्ता ओलांडून ओट्यावर आलो होतो. मला दिसत होतं की अप्पा भांडणाकडं बघतच नाहीत. ते आज्जीकडं बघत होते. तिच्या लुगड्याच्या घट्ट आवळलेल्या निऱ्या, गादीच्या पांढऱ्या चादरीवरून सारखी पळणारी तिची नजर. चार महिने जो माणूस स्वतः पांढऱ्या चादरीला भ्यायला होता त्याला आणखी काही सांगायची गरज नव्हती. घड्याळात तीन वाजले होते. त्यांची मुदतही संपली होती.

आणि अप्पा उठले. बस्त्याच्या मधे, चाळीस वर्षांत पहिल्यांदा, मालक गादीवरून उठला.

"बसा समदे," अप्पा म्हणाले, त्यांच्या जुन्या, रस्त्यापलीकडं ऐकू येणाऱ्या आवाजात. "माजं ऑपरेशन झालंय. मला लघवी धरवत न्हाई. मी डायपर घालतो, आन तो आता बदलायची येळ झाली. पाठबीठ काय धरली नव्हती, खोटं सांगितलं मी गावाला. बदलून येतो, मग म्होरचं बगू."

कुणी हसलं नाही. इस्माईलभाईंची मशीन थांबली होती. अप्पा दारापर्यंत गेले, आज्जीपाशी थांबले आणि तिला म्हणाले, "अक्का, माजी सून आतल्या खोलीत हाय. तुमी बी चला. चादर रोजच बदलतो आमी, तिचं काय मनावर घेऊ नका." मग माझ्याकडं वळले. "डाक्टर, एक पुडा आण. कापडी पाठीचा, मधलं माप."

मी पळत दुकानात गेलो. सवयीनं हात काळ्या पिशवीकडं गेला.

"पिशवी नको," पलीकडून आवाज आला. "तसाच आण. चोरीचा हाय का?"

भर बाजारात, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत मी तो पुडा हातात धरून रस्ता ओलांडला. मला वाटलं होतं की मला लाज वाटेल. तसं झालं नाही. खरं सांगतो, माझी छाती फुगली होती.

पंधरा मिनिटांनी अप्पा गादीवर येऊन बसले. त्यांच्या मागून सुरेखाचा हात धरून आज्जी आली. गादीच्या कडेला थांबली, चादरीकडं एकदा बघितलं, आणि बसली. मग दगडूबप्पाच्या बायकोनं पुढं सरकून तिच्या मांडीवर एक साडी ठेवली आणि म्हणाली, "आवो, आदी सांगायचं की." आज्जी म्हणाली की चार वर्षं झाली, ती ना कुणाच्या लग्नाला गेली ना देवाला, सगळ्यांना गुडघे दुखतात म्हणून सांगते. नातवाचा बस्ता म्हणून आज आली आणि वाटेतच लुगडं भिजून फसली. तिचा मुलगा, पन्नाशीचा माणूस, दाराशी तोंड फिरवून डोळे पुसत होता. त्याला हे माहीतच नव्हतं.

बस्ता संध्याकाळी सहाला संपला. गाठोड्याला हळदकुंकू आज्जीनं लावलं.

त्यानंतर अप्पांनी महेशला सांगून दुकानात एक कप्पा मोकळा करून घेतला. त्यात दोन्ही जातीचे डायपर उघडे करून ठेवलेले. बायका साड्या बघायला यायच्या आणि अप्पा त्यांच्या हातात आधी एक पाठ द्यायचे, मग दुसरी. झोपताना आणि एसटीच्या लांबच्या प्रवासाला प्लास्टिकची, दिवसा उन्हाळ्यात कापडी, मापाला मोठेपणा करायचा नाही, आणि घ्यायचं समोर डाक्टरकडून, पिशवीशिवाय. सासूसाठी म्हणून विचारायला आलेल्या कितीतरी जणी स्वतःसाठी घेऊन गेल्या. उसाच्या मोळ्या वाहून कंबर गेलेल्या बायका होत्या, चार बाळंतपणं झालेल्या होत्या. त्यांना मी वर्षानुवर्षं रोज बघत होतो आणि त्यांचं दुखणं मला माहीत नव्हतं. त्यातल्या ज्यांचं औषधानं बरं होण्यासारखं होतं त्यांना अप्पा डॉक्टरकडं हाकलत. हे सगळं करताना त्यांच्या चेहऱ्यावर, उत्तम रेशीम हाताला लागल्यावर यायचा, तोच आनंद असे.

मी त्यांना शेवटचं नीट पाहिलं ते पुढच्या वर्षीच्या लग्नसराईत. त्याच पावसाळ्यात झोपेतच त्यांचं हृदय थांबलं, कुणाला त्रास नाही. मी त्यांना पाहिलं त्या दिवशी आष्टीच्या आज्जीच्या दुसऱ्या नातवाचा बस्ता होता. आज्जी या वेळी गादीच्या मधोमध बसली होती, अप्पांच्या समोर, आणि एकेक साडी नापास करत होती. दुपारी अप्पा उठून आत गेले. नवरीकडची एक मावशी पहिल्यांदाच आली होती. तिनं घाबरून आजूबाजूला बघितलं आणि विचारलं की मालक मधेच कुठं गेले, काही बिनसलं का.

"डायपर बदलायला गेलेत," आज्जी हातातली साडी उजेडाला धरत म्हणाली. "बस तू. येतेत."

मावशी बसली. कुणी वर मानही केली नाही. तेवढ्यात अप्पा आतून आले, धोतराचा सोगा सावरत गादीवर बसले, आणि अर्धी उघडी राहिलेली साडी त्यांनी मावशीपुढं उलगडली.